तेराव्याचे टॉवेल

फोन आला तेव्हा आबाजींच्या हातात ओला टॉवेल होता. अंबाबाईला त्या दिवशी दुपारी दवाखान्यातून घरी सोडणार होते, म्हणून सकाळीच त्यांनी कळंबच्या अंगणात गाडी धुवायला काढली होती. उजवी बाजू पुसून ते बोनेटला वळसा घालत होते, तेवढ्यात राजेश फोनवर म्हणाला, "बाबा, आई गेली." टॉवेल तिथेच चिखलात पडला. नंतर तो कुणाला सापडला नाही. बहुतेक कुत्र्याने नेला.

तेराव्याला सोयऱ्यांनी रीतीप्रमाणे आबाजींना टॉवेल-टोपी दिली. टोप्या खुंटीवर गेल्या, टॉवेलांचा ढीग झाला. निघताना अंबाबाईचा धाकटा भाऊ गजा म्हणाला, "दाजी, रविवारी खालापूरला या. आमच्याकडं गोडाचं जेवा, म्हंजे दुखवटा निघाला."

"येतो ना," आबाजी म्हणाले. "गाडी तेवढी पुसून होऊ दे. डागाळलेल्या गाडीतनं सासुरवाडीला येऊ काय?"

सबब अगदीच खोटी नव्हती. बोअरचे पाणी जड. गाडी लगेच कोरडी केली नाही तर पांढरे ठिपके धरतात. उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगवर काढलेल्या माणसाला ते खपत नाही. पण कुठला टॉवेल अंगाला, कुठला पाहुण्यांना आणि कुठला गाडीला, हे खाते अंबाबाईचे होते. टॉवेल तीच काढून द्यायची. मग स्वतःही एक घेऊन गाडीला भिडायची. दोघे दोन बाजूंनी पुसत आणि मधल्या काचांतून भांडत.

आता आबाजींनी तेराव्याचा ढीग अंगणात आणला आणि एकेक टॉवेल आजमावायला घेतला.

साडूचा लालभडक होता. पहिल्याच हाताला रंग सुटला आणि पांढरा दरवाजा गुलाबी झाला. "अंबा बोललेलीच," आबाजी पुटपुटले, "हा माणूस पावसात टिकायचा नाय." विहीणबाईंचा टॉवेल खळीचा, कडक. त्याने पाणी टिपले नाही, नुसते इकडचे तिकडे केले. आबाजींना नवल वाटले नाही. विहीणबाईही तेच करत. चुलतभावाच्या टॉवेलाने इतके धागे सोडले की गाडीला दाढी आली. साईनाथ कंडक्टर त्यांचा जुना जोडीदार. त्याचा टॉवेल लांबीला निम्माच निघाला. सुट्टे ठेवून घ्यायची सवय त्याला टॉवेलातही सुटली नव्हती.

राजेशने मायक्रोफायबरचे कापड आणून दिले. दुकानदाराने खास गाडीसाठी म्हणून दिलेले. आबाजींनी ते हातात धरले, तर तळव्याच्या भेगांनाच अडकून बसले. "हे गाडी सोडून मलाच धरतंय," म्हणून त्यांनी ते सुनेला परत केले.

नम्रता कंटाळली. तारेवर तेराव्याचे टॉवेल वंगणाचे डाग लागून वाळत होते आणि सगळे गाव ते बघत होते. "बाबा, तुमच्या विहीणबाई येणारेत या आठवड्यात. माझी आई आहे हो ती! निदान तिचा तरी आत घ्या."

"राहू दे. तिलाबी कळू दे, पाणी टिपत नाय ते."

दर रविवारी गजाचा फोन यायचा. दर रविवारी आबाजींचे उत्तर एकच असायचे, "गाडी पुसायचीय रं अजून." शेवटी एका रविवारी गजा मोटारसायकलवरून स्वतःच आला. हँडलला पुरणपोळीचा डबा लटकत होता.

"तुमी येत नाय, तर गोड हिकडंच आणलं," तो म्हणाला आणि तारेकडे बघत राहिला. "माझ्या बहिणीच्या तेराव्याचे टावेल, आन् गाडी पुसताय? माझा कुठं हाय?"

"तुझा काय खास नाय."

गजाला हे लागले. कर्जतची दुकाने पालथी घालून त्याने तो टॉवेल घेतला होता. त्याने ढीग उपसला. त्याचा टॉवेल अगदी तळाला होता, घडीही न मोडलेला. त्याने बादलीतले पाणी उजव्या काचेवर उडवले आणि एकच हात फिरवला. काच अशी लख्ख झाली की आबाजींची वाढलेली दाढी तिच्यात मोजून घ्यावी.

"रंग जात नाय, धागा सोडत नाय, पाणी पितोय. खोट काय हाय यात, दाजी?"

आबाजी विस्कटलेला ढीग परत रचू लागले.

गजा टॉवेल घेऊन बोनेटला वळसा घालून पलीकडे गेला आणि थांबला. या बाजूला कुठलाच टॉवेल लागला नव्हता. साडूचा नाही, विहीणबाईंचा नाही. त्या सकाळचे पाणी जागच्या जागी वाळले होते. दरवाजाभर पांढरे ठिपके, वर धुळीचा थर.

"ही बाजू पुसलीच नाय तुमी?"

"ती तुझ्या बहिणीची बाजू," आबाजी म्हणाले. "चांगला टावेल मिळाला, म्हंजे तीबी मलाच पुसायला लागंल."

गजाने दरवाजाकडे नेलेला हात मागे घेतला. मग त्याने आपला टॉवेल उन्हात धरला, उलटा केला, काठावरून बोट फिरवले.

"दाजी, काठ खरबरीत हाय याचा. काचेला ओरखडा येईल."

"मी बोललो ना तुला, खास नाय म्हणून."

"दुसरा बघतो पुढच्या रविवारी."

"बघ. घाई नाय."

नम्रताने चहा आणला. तो दोघांनी ओट्यावर बसून घेतला. पुरणपोळीचा डबा गजाने न उघडताच परत हँडलला लावला.

गाडीची डावी बाजू अजून पुसायची राहिली आहे.