सहज आलेला मुलगा

लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच शब्द उरले होते, आणि अरिबाची मुलाखत चार वाजता होती.

कालच तिने विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी संगणक-प्रणाली बसवली होती. पुण्याच्या कंपनीला लिनक्स येणारी, घरून काम करणारी मुलगी हवी होती. आता मुलगी होती, घर होतं. लॅपटॉप तेवढा उठत नव्हता.

“कपाट असतं तर मीच उघडून दिलं असतं,” तिचे अब्बा कादरभाई म्हणाले. पिंप्राळ्यात ते लोखंडी कपाटं बनवत.

तेवढ्यात दारात एक तरुण उभा राहिला. “कादरभाईंचंच घर ना? मी मोईज. भुसावळहून आलो, कंपनीतून.”

हसीनाबींनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. रुखसारखालांनी आणलेलं स्थळ! मुलगा भुसावळचा, कंपनीत आहे, सहज आल्यासारखा येईल. तुम्हीही विषय काढू नका, असं खालांनी बजावलं होतं. त्या गडबडीत मुलाचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

“या, बसा बेटा. सहजच आलात ना?”

“सहज म्हणजे... हो.”

मोईजने पाण्याचा घोट तोंडात घोळवला आणि मान लांबवून स्वयंपाकघरात पाहिलं. “पाणी जड आहे तुमच्याकडचं. पोटाला बरं नाही.”

अजून घरात नीट बसला नाही तोच सासरची काळजी! हसीनाबींचे डोळे भरून आले.

अरिबाला लग्नात काडीचा रस नव्हता. तिने सरळ लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. “यातलं काही कळतं?”

“बघतो. लोक काहीही दाखवतात, सवय आहे.” त्याने दोन-चार कळा दाबल्या. “तुमचं काही पुसलं गेलेलं नाही. सुरू करून देणारा प्रोग्राम आपल्याच फायली कुठे ठेवल्यात ते विसरलाय.”

“म्हणजे अब्बांसारखं.”

“अब्बा इथेच बसलेत,” कादरभाई म्हणाले.

लिनक्स डिस्कच्या कोणत्या भागात बसलंय ते मोईजने शोधलं, तो पत्ता टाकला आणि मेनू उगवला. मग लिनक्स सुरू करून त्याने तो विसरभोळा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, नव्याने बसवला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. मेनूत दोन्ही नावं एकाखाली एक, गुण्यागोविंदाने नांदत होती.

“तुम्हाला कशाला हव्यात या भानगडी” असं तो एकदाही म्हणाला नव्हता. अरिबाच्या हे लक्षात आलं.

चार वाजता ती लॅपटॉप घेऊन मुलाखतीसाठी आतल्या खोलीत गेली. बाहेर हसीनाबींनी शेवयांवर शेवया वाढल्या, आणि सगळे भिंतीपलीकडचा आवाज ऐकत राहिले.

अरिबा धावतच बाहेर आली. “सोमवारपासून कामाला लागा म्हणाले.” ती मोईजकडे वळली. “तुमचे आभार कसे मानू कळत नाही. खाला रागावल्या तर रागावू देत, मी विषय काढते. अब्बा, माझा या लग्नाला होकार आहे.”

कादरभाईंनी मोईजला मिठी मारली. हसीनाबींनी त्याच्या तोंडात साखर घातली.

मोईज कानापर्यंत लाल झाला. साखर गिळेपर्यंत त्याने नीट विचार केला.

“माझाही आहे,” तो म्हणाला, “फक्त त्याआधी तुमचा पाण्याचा फिल्टर दाखवता का? गेल्या महिन्यात तक्रार केली होतीत ना?”