दरीतला एकेरी रस्ता

"आता जर त्या झेंडेवाल्यानं आपल्या तोंडावर रस्ता अडवला, तर मी खाली उतरून भांडेन," बायको म्हणाली.

"तू बस गुपचूप," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या भांडणानं रस्ता रुंद होणार नाही."

रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. दरीतल्या हायवेचं रुंदीकरण चालू होतं. अर्धा रस्ता उखडलेला. उरलेल्या अर्ध्यावरून एकदा इकडच्या गाड्या सोडायच्या, एकदा तिकडच्या. सकाळपासून वाटेत लागलेलं हे तिसरं काम. पहिल्या दोन ठिकाणी डॉक्टरांनी कंत्राटदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आता तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

आज लेकीचं रजिस्टर लग्न होतं. दुपारी कचेरी बंद व्हायच्या आत सह्या झाल्याच पाहिजेत. नवरा मुलगा जहाजावर इंजिनिअर, उद्या त्याचं जहाज सुटणार आणि मग नऊ महिने त्याचं तोंड दिसणार नाही. तोही बंदराकडून परस्पर कचेरीत येणार होता.

डॉक्टर दोन वर्षं या लग्नाला नाही म्हणत होते. दाताचे डॉक्टर ते. एकदा पकडलं की सोडायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. "पाण्यावरचा माणूस तो. ऐन वेळी पाठ फिरवेल, बघशील तू," हे त्यांचं पालुपद. आणि परवा जेवताजेवता म्हणाले, "गाडीत पेट्रोल भरून आणतो. पोरीच्या लग्नाला आपण नाही जायचं तर कोणी?" बायकोचा घास हातातच राहिला.

झेंडेवाल्यानं हात केला. पुढच्या गाड्या सुटल्या, त्यांच्यामागून डॉक्टरांची सुटली, आणि मागच्या ट्रकपुढे त्यानं बांबू आडवा टाकला.

"वाचलो गं," डॉक्टर म्हणाले.

झेंडेवाला धावत खिडकीशी आला आणि काठीला बांधलेला लाल झेंडा त्यानं आत दिला. "तुमची शेवटची गाडी, साहेब. हा पलीकडच्या माणसाला द्या. वळणं आहेत, त्याला इकडचं काही दिसत नाही आणि खाली फोन लागत नाही. हा हातात पडला की त्याला कळतं रस्ता मोकळा झाला. मग तो तिकडच्या गाड्या सोडतो."

"देतो की," म्हणत डॉक्टरांनी झेंडा बायकोच्या मांडीवर ठेवला.

अर्धी दरी पार झाली आणि डावीकडे लेकीच्या गावाची पाटी दिसली. आजवर ती दोघं तिच्याकडे रेल्वेनंच गेलेली. फाटा नेमका कामाच्या मधोमध येतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. डॉक्टरांनी क्षणभर गाडी थांबवली आणि वळवली.

"अहो, आणि हा झेंडा?"

"तो द्यायला पलीकडे गेलो, की परत यायला पुन्हा रांग. तोवर कचेरीला कुलूप."

"पण तो माणूस वाट बघत बसेल ना."

"बसू दे घटकाभर. कंटाळला की पाठवेल कुणाला तरी बघायला." मग हलकेच म्हणाले, "आयुष्यभर पोरीला नियम सांगितले. आज तिच्यासाठी एक मोडतोय, मोडू दे."

हे ऐकायला दोन वर्षं तिचे कान आसुसले होते. तिनं निमूटपणे झेंडा मागच्या सीटवर टाकला.

फाट्याचा रस्ता कसा मोकळा, लख्ख. ना धूळ, ना डंपर. डॉक्टरांनी काच खाली केली आणि चक्क गुणगुणायला लागले. सूर नेहमीसारखाच बेसूर होता. बायको पोट धरून हसली. किती दिवसांनी हसतोय आपण, असंही तिला वाटून गेलं.

कचेरी उघडी होती. दोघांचा जीव भांड्यात पडला. पायऱ्यांवर लेक उभी होती, ती पळतच आली आणि बापाच्या गळ्यात पडली.

"बाबा, तुम्ही खरंच आलात."

"रडू नकोस, फोटोत नाक लाल दिसेल," डॉक्टर म्हणाले. त्यांचं स्वतःचं नाक केव्हाच लाल झालं होतं.

कारकून भला माणूस होता. "मुलगा आला की लगेच सह्या घेतो," म्हणाला.

मुलगा आला नाही. त्याचा फोन लागेना. कारकुनानं आधी खिडक्या लावल्या, मग पंखा बंद केला, आणि घड्याळाकडे बघून खाकरला. बायकोनं भीतभीत नवऱ्याकडे पाहिलं. आता तेच पालुपद सुरू होणार.

पण डॉक्टरांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "येईल तो," म्हणाले. "पाठ फिरवणाऱ्यातला नाही." आणि हे आपण मनापासून बोललो, याचं त्यांचं त्यांनाच बरं वाटलं.

कारकुनानं हात जोडले आणि दाराला कुलूप घातलं. तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. तिनं ऐकून घेतलं, एकदाच "बरं" म्हणाली आणि पायरीवर बसली.

"मागच्या पेट्रोल पंपापर्यंत चालत जाऊन बोलत होता तो. दरीच्या पलीकडे अडकलाय. तिकडची एकही गाडी सोडत नाहीयेत, बाबा. इकडून निघालेली शेवटची गाडी अजून पोहोचलीच नाही म्हणे."