बाबांचं रान

तिनं रोप नुसतं चिमटीत धरलं आणि ते मुळासकट वर आलं. मुळं सुतळीसारखी वाळली होती. पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही. गुडघ्यावरची माती न झटकताच ती उठली आणि ओळीच्या शेवटापर्यंत चालत गेली. हिरवं पान टिकवून धरलेली रोपं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

हे तिसरं वर्ष. विहिरीचं पाणी खोल गेलं, बाबांना शेती झेपेनाशी झाली, तेव्हा या जमिनीवर जंगल उभं करायचं हे तिनंच ठरवलं होतं. पिकं घेऊन घेऊन थकलेल्या जमिनींवर झाडं वाढवायची आणि हवेतला कार्बन त्यांच्या खोडामुळांत साठवायचा, असं काम करणारी एक संस्था रोपं द्यायला तयार झाली. भाऊ हसला. जमीन वीटभट्टीला देऊन मोकळी हो, असं त्यानं शहरातून फोनवर सांगितलं. तिनं ऐकलं नाही. पहिल्या वर्षीची रोपं गेली, तिनं पुन्हा लावली. दुसऱ्या वर्षी उन्हाळाभर घागरीनं पाणी घातलं, तरी गेली. यंदाही रोपं जगली नाहीत तर जमीन योजनेतून काढावी लागेल, असं संस्थेनं कळवलं होतं. भाऊ तर भट्टीवाल्याला घेऊन यायच्या बेतात होता.

या सगळ्यात बाबा तिच्या पाठीशी होते. सुरुवातीला त्यांनी एकच अट घातली. झाडं खुशाल लाव, पण माझ्या रानाचा उकिरडा करायचा नाही. शेताला ते जन्मभर रानच म्हणत आले होते आणि त्यांचं रान म्हणजे आरसा. तणाचं एक पातं दिसलं तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. आता पाय साथ देत नव्हते. तरी रोज सकाळी खुरपं घेऊन ते निघत आणि बसल्या बसल्या सरकत ओळींमधली जमीन साफ करत. पाहून तिला भरून येई. तू नुसता तोंडानं बोलतोस, बाबा या वयात राबतायत, असं ती भावाला सुनावत असे.

दुपारी संस्थेच्या वनतज्ज्ञ बाई आल्या. बोलायला जेमतेम, पण चालायला खमक्या. त्यांनी ओळीओळीनं सगळी जमीन पालथी घातली. मध्येच वाकून मूठभर माती उचलली, तर ती पिठासारखी बोटांतून गळून गेली. उन्हानं भाजून निघालीय, एवढंच त्या म्हणाल्या. मग दोघी ओढ्याकडच्या उतारावर आल्या आणि बाई थबकल्या.

उतारावर कोवळी झाडं एकमेकांना खेटून उभी होती. काही कमरेएवढी, काही खांद्याला लागतील अशी. खाली पाचोळा आणि पाचोळ्याखाली गार, ओलसर माती.

ही कुणी लावली, असं बाईंनी विचारलं.

कुणीच नाही, ती म्हणाली. उतारावर बाबांचा गुडघा धरतो. त्यामुळे इकडे त्यांचं येणं होत नाही, म्हणून इकडचं तण तसंच...

बोलता बोलता तिनं मागं वळून खुरपून साफ केलेल्या ओळींकडं पाहिलं.

"तुमचं जंगल दर वर्षी आपणहून उगवतंय," बाई म्हणाल्या. "कुणीतरी ते रोज उपटतंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. काही बिया पाखरांनी टाकलेल्या, काही वाऱ्यानं आणलेल्या. काही मुळं नांगराखाली वर्षानुवर्षं निपचित पडून राहिलेली. त्यांना वर येऊ दिलं की माती झाकली जाते, ओल धरते आणि मग लावलेली रोपंही त्यांच्या सावलीत तग धरतात. आणखी एक वर्ष मिळावं म्हणून मी शब्द टाकीन, पण जमिनीला हात लागता कामा नये, असं बजावून त्या गेल्या.

बाबांना कसं सांगायचं, याचा तिनं संध्याकाळपर्यंत विचार केला. संस्थेनं आत जायला बंदी केलीय, असं खोटं सांगता आलं असतं. फाटकाला कुलूपही घालता आलं असतं. तिला दोन्ही नको वाटलं. जेवताना तिनं सरळ सगळं सांगून टाकलं.

बाबांचा घास हातातच राहिला.

"सगळंच मी उपटलं?" त्यांनी विचारलं.

सगळं नाही, ती म्हणाली. पण पुष्कळ.

ताट बाजूला सारून ते आत जाऊन आडवे झाले.

सकाळी तिला जाग आली तेव्हा त्यांची खाट रिकामी होती. दाराआडचं खुरपंही नव्हतं. तिच्या डोक्यात सणक गेली. भावापुढं ती नमली नव्हती, दोन उन्हाळ्यांपुढं नमली नव्हती. आता बाबांपुढंही नमायचं नाही, वेळ पडली तर हातातून खुरपं काढून घ्यायचं, असं ठरवूनच ती तरातरा निघाली.

फाटकाशी जमिनीत एक काडी खोचलेली दिसली. चार हातांवर दुसरी. पुढं आणखी. प्रत्येक काडीच्या बुडाशी काहीतरी इवलंसं हिरवं होतं. कुणाचा पाय पडू नये म्हणून केलेली खूण. काड्यांची ती वाकडीतिकडी माळ थेट शेताच्या मध्यापर्यंत गेली होती.

तिथं बाबा मातीत फतकल मारून बसले होते. शेजारी काड्यांचा ढीग होता. खुरप्याच्या टोकानं ते एका दोन पानांच्या कोंबाभोवती बोटभर रुंदीचं आळं करत होते. ती जवळ येऊन उभी राहिली, तरी त्यांनी मान वर केली नाही. तांब्यातलं पाणी थेंब थेंब आळ्यात सोडलं, ते जिरेपर्यंत पाहत राहिले.

"जन्मभर हे एवढंसं असतानाच उपटत आलो," ते म्हणाले. "मोठं झाल्यावर हे दिसतं कसं गं?"