दोन पाकिटं केस

“बर्फ हाय का संपला, ते आधी सांगा!” पाटोद्याच्या बसस्थानकावर थर्मोकोलचा डबा कंडक्टरच्या हातातून जवळजवळ हिसकावत दिपाली म्हणाली.

“हाय की, म्याडम. डबा गारठलाय पार. कुल्फी हाय का काय?”

“कुल्फीपेक्षा लई भारी हाय!”

डब्यात किट होतं. बोटाच्या पेराएवढ्या कुप्या आणि त्यांत थेंब थेंब द्रव. केसांच्या मुळांतून डीएनए काढायचा, वाढवायचा आणि रेषांच्या रूपात डोळ्यांना दाखवायचा, असलं ते काम. दिपाली तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. असलं किट तिनं फळ्यावर शंभरदा शिकवलं होतं, हातात मात्र आज पहिल्यांदा येत होतं. बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. किट होतं दोनच नमुन्यांपुरतं. चुकलं की संपलं.

नमुने दोन: एक चंद्री गाय आणि एक कालवड.

शहादेव आणि त्याची बायको जानकीबाई दिवाळीनंतर ऊस तोडायला गेले, तेव्हा गाभण चंद्रीला राधाकिशन आण्णांच्या गोठ्यात ठेवून गेले. बोली रीतीप्रमाणेच झाली: दूध तुमचं, वासरू आमचं. चैत्रात परत आले तर आण्णा म्हणाले, वासरू मेलेलंच निपजलं. आणि गोठ्यात तर एक कालवड उड्या मारत होती, कपाळावर थेट चंद्रीसारखी चांदणी! ती दुसऱ्या गाईची, ती गाय मेली, असं आण्णांचं म्हणणं. दोन तट पडून गाव भांडला. शेवटी सरपंचांनी तोडगा काढला. दिपालीनं तपासायचं, एकदाच. निकाल लागेल तो दोघांनी मुकाट मानायचा.

केस घ्यायला दिपाली आदल्या दिवशी स्वतः गावात गेली होती. चंद्रीच्या शेपटीचे केस जानकीबाईनंच उपटून दिले, चांगले मूठभर. दिपालीनं त्यातले दहाबारा घेतले. मग सगळा घोळका आण्णांच्या गोठ्याकडे निघाला.

“हे बघा,” वाटेत दिपालीनं समजावलं, “डीएनएतल्या दहा जागा तपासायच्या. दर जागी दोन रेषा. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. गाईची एक तरी रेष दर जागी वासरात सापडली पाहिजे. एका जागी जरी नाही सापडली, तर ती त्याची आई नाही.”

“म्हंजी जितकं जास्त जुळंल तितकं बरं?” जानकीबाईनं विचारलं.

“हो, हो,” दिपाली घाईत म्हणाली. तिचं लक्ष पाकिटांवर नावं लिहिण्यात होतं.

कालवड भलतीच द्वाड. आण्णांचा गडी हनुमान जवळ गेला तो लाथ खाऊनच परतला. “माझ्या हाताला गप ऱ्हाईल,” म्हणत जानकीबाई एकटीच आत शिरली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती जरा लंगडत, पण मुठीत केस घट्ट धरून. लोकांनी टाळ्या पिटल्या. तिला कालवडीनं हात लावू दिला म्हणजे कालवड तिचीच, असा निकाल काहींनी तिथंच देऊन टाकला.

आणि आज किट आलं होतं. टेम्पो भरून गाव कॉलेजात हजर झाला. आण्णा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत खुर्चीवर, शहादेव दाराशी उकिडवा.

“आमचं पोर गेल्यासारखं झालतं ओ, म्याडम,” तो म्हणाला. “ऊस तोडताना ही रोज म्हणायची, आता चंद्री व्याली आसंल.”

यंत्र तीन तास घुमत होतं. वीज जाऊ नये म्हणून दिपालीनं मनातल्या मनात गावातले सगळे देव गोळा केले. वीज टिकली. मग तिनं नमुने टाकलेली जेलची, म्हणजे पारदर्शक जेलीची, वडी निळ्या दिव्यावर ठेवली, आणि खरोखर, रेषा उजळल्या! पुस्तकात छापतात तशा, स्वच्छ. दिपालीला आनंदानं रडूच आलं.

“डावीकडं चंद्री, उजवीकडं कालवड. मोजा!”

“एक! जुळली!” सगळी खोली ओरडली. “दोन! तीन!”

सातव्या जागी रेष फिकट दिसली. शहादेवानं डोळे मिटले. दिपालीनं दिवा जरा वाढवला.

“जुळली!”

मग दहापर्यंत कुणी थांबलंच नाही. शहादेव उठून नाचायला लागला. कुणीतरी गुलालही आणलाच होता. आण्णांनी जेलकडे एकदा निरखून बघितलं. मग त्यांनी टोपी सारखी केली.

“मशीनला काय खोटं बोलता येतंय व्हय?” ते हळूच म्हणाले. “मी शबूद दिलाय. शहादेवा, कालवड सोडून घिऊन जा.”

सगळा गाव शहादेवाला खांद्यावर घेऊन अंगणात गेला. हलगी वाजू लागली. खोलीत दिपाली आणि जानकीबाई, दोघीच उरल्या. जानकीबाईच्या कपाळाला गुलाल नव्हता.

“बाई, झालं न्हवं?” ती म्हणाली. “बंद करा की ती लाईट.”

“करते, काकू. एकदा डोळे भरून बघू द्या.”

दिपालीनं उजवी रांग पुन्हा वरून खाली बघितली, या वेळी गाईची रेष सोडून दुसरी, बापाकडून आलेली. पहिल्या जागी ती नव्हती. दुसऱ्या जागीही नव्हती. दहाही जागी दोन्ही रेषा चंद्रीच्याच होत्या.

दोन्ही पाकिटांतले केस एकाच गाईचे होते.