साधनाताईची गाडी

पायाचं प्लास्टर काल निघालं आणि आज सकाळी बायको, साधना, म्हशीखाली बसलेली असताना बापूरावानं गाडी बाहेर काढली. फाट्यापर्यंत जायचं आणि म्हशीचं दूध काढून होईस्तोवर परत यायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

गाडी त्याचीच होती. बुटकी, जाड टायरची मोटारसायकल. दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा रिठदचे लोक हसले होते, एवढ्या उंच माणसाला एवढीशी गाडी म्हणून. पण ती स्वस्त होती, आणि शेतातल्या काळ्या मातीतून पालक-मेथीच्या जुड्या घेऊन न रुतता निघायची. मग विहिरीच्या काठावरून तो घसरला, नडगीचं हाड मोडलं आणि अडीच महिने खाटेवर पडून राहिला. भाजी रिसोडला न्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यानंच खाटेवरून ओरडून ओरडून साधनाला गाडी शिकवली. आठ दिवसांत ती बाजाराला जाऊ लागली. रोज सकाळी गाडीचा आवाज दूर जाताना तो ऐकायचा. तिनं कुठं गियर बदलला तेही त्याला कळायचं. आवाज संपला की त्याला खाट टोचू लागायची.

आता हँडल हातात होतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. आरशात त्याला स्वतःचं पोटच दिसत होतं. त्यानं आरसा वर केला. गुडघा वाकवताना कळ येत होती.

देवळाजवळ दूधवाल्यानं गाडी पाहून हात वर केला. बापूरावाला पाहिलं आणि हात खाली घेतला. पुढं शाळेच्या भिंतीपाशी एका म्हातारीनंही तसंच केलं.

फाट्यावर तिशीतली एक बाई डबा घेऊन उभी होती. गाडी दिसताच ती हसत रस्त्यावर आली आणि लगेच दोन पावलं मागं सरली.

"हे साधनाताईची गाडी हाये ना?" तिनं विचारलं.

बापूरावानं गाडी थांबवली. "गाडी माही हाये."

"तुमची कशी? मी रोज बसतो या गाडीवर. तुमी कोण?" उत्तराची वाट न पाहता तिनं फोन लावला. "ताई, मंजू बोलतो. तुमची गाडी कोणी माणूस घेऊन चालला. फाट्यावर अडवला म्या त्याले."

फोनमधून म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

"उंच हाये का?" साधनानं विचारलं.

"हाव."

"उजवा पाय सरळ करून बसला का?"

मंजूनं वाकून पाहिलं. "हाव."

"मंग ते आमच्या घरचेच हायेत. बस त्यायच्या मांगं. हळू चालवा म्हणा."

मंजूनं जीभ चावली. "भाऊजी, मले काय माहीत," ती म्हणाली. "माहा दवाखाना आठले उघडते. झाडू मारून ठेवा लागते त्याच्या आंधी. येष्टीचा भरवसा नाही. म्हणून ताई रोज सोडते."

बापूरावानं घराच्या दिशेनं एकदा पाहिलं. "बसा," तो म्हणाला.

रिसोडपर्यंत मंजू मागून बोलत राहिली. या वळणावर ताई हॉर्न देते. त्या गड्ड्याच्या डाव्या अंगानं घ्या, ताई तिकडूनच घेते. बापूरावाला तो रस्ता वीस वर्षांपासून पाठ होता. तरी त्यानं गाडी डाव्या अंगानं घेतली.

बाजाराच्या तोंडाशी खानावळीचा मोहनसिंग, साधनानं जोडलेलं नवं गिऱ्हाईक, दारात उभा होता. त्यानं गाडी ओळखली. बापूरावाच्या डोक्यावरून त्यानं मंजूला विचारलं, "आज बाई नाही आल्या? हे कोण?"

"ताईच्या घरचे," मंजू म्हणाली.

"अस्सं. बाईले सांगजा, मेथी जराशी जास्त पाठवा म्हणा." बापूरावानं मान हलवली. रागवावं कुणावर ते त्याला समजेना.

दवाखान्यापाशी मंजू उतरली. डबा काखेत धरून ती घुटमळली.

"उद्या ताई येईन का तुमी?"

गाडी सुरूच होती. बापूरावाचे दोन्ही तळपाय जमिनीवर टेकलेले होते. "ताईच येईन," तो म्हणाला. शब्द तोंडातून निघाल्यावरच त्याला ते कळलं.

घराकडं वळायचं ते तो वळला नाही. मालेगावच्या रस्त्याला लागला. तिकडं त्याचं काही काम नव्हतं. दोन्हीकडं सोयाबीन पिवळं पडत होतं आणि वारा सदऱ्यात शिरत होता. पाय ठणकत होता. ठणकला तर ठणकू दे, असं मनाशी म्हणत त्यानं आणखी वेग घेतला.

एका पुलाशी फोन वाजला, तेव्हा तो थांबला.

"कुठी हा तुमी?" साधनानं विचारलं.

"मालेगावच्या रस्त्यानं."

"तिकडं काय काम हाये?"

"काम काई नाही."

पलीकडं बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"भाजी मी जीपमधी पाठवली," मग ती म्हणाली. "पेट्रोलचं पाहा. काटा बंद पडला, महिना झाला. अंदाजानंच भरा लागते."

बापूरावानं काट्याकडं पाहिलं. तो टाकी भरलेली दाखवत होता. त्यानं फोन खिशात टाकला, गाडी दोन्ही पायांमध्ये धरून हलवली आणि टाकीतल्या आवाजाकडं कान लावला.