रुपरावांचा कप

दोन महिन्यांत तिसऱ्यांदा चक्कर येऊन पडलेल्या जिजाबाईंना चार दिवसांनी दवाखान्यातून सुट्टी मिळाली. बीपी पार तळाला गेलं होतं, पण सगळ्या तपासण्या करूनही डॉक्टरांना कारण काही सापडलं नव्हतं. ते कोडं डोक्यात घेऊनच फार्मासिस्ट वेदिका त्यांच्या खाटेशी बसली.

"आजी, घरी कोणकोणत्या गोळ्या घेता?"

"मी कायले घेऊ? बीपी तं आमच्या यांले आहे!" नवरा रुपराव ऑटो आणायला गेलेत, याची खात्री करून जिजाबाई हळूच म्हणाल्या, "पण हे गोळी थुकून देतात न पोरी. म्हणून मी रोज सकाळी गोळी कुटून यांच्या चहात टाकते. दोन महिने झाले, पत्ता नाही लागू दिला!"

वेदिकाचा पेन थांबला. तिने मान वर केली, तर दारात रुपराव उभे. तोंड चोरासारखं झालेलं.



"मले वाटलं, तू माझा तंबाखूचा खर्रा सोडवाची पुडी टाकून राहिली! म्हणून तं मी रोज गुपचूप कप बदलत होतो वं."