मायाक्काचं नाक आणि चायनीज मसाला

"बडीशेप शेवटाला गं! आधी चक्रीफूल!" मायाक्का पाटावरनं गरजली. "त्या मोबाइलचं ऐकशील तर सगळं करपवून ठेवशील."

सून सोनम ओट्यापाशी उभी होती. गाड्यावरचं चायनीज खाऊन नवऱ्याचं पोट बिघडलं होतं, म्हणून ती चायनीजचा मसाला घरीच करणार होती. नव्या पेठेतनं तिनं पाच पुड्या आणल्या होत्या. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप, तिरफळ.

"पाचच जिन्नस?" मायाक्का म्हणाली. "माझ्या काळ्या तिखटाचं एवढं तर भुईवर सांडतंय."

शेजारची बजाबाई खुदकन हसली. ती परवाच्या तिखटाचं पक्कं करायला आली होती. दर चैत्रात गल्लीतल्या बाया आपापलं सामान घेऊन मसाला भाजायला मायाक्काच्या अंगणात जमायच्या. मायाक्का चुलीपासून दोन हात लांब बसून नुसत्या वासावर हुकूम सोडायची. हलव. थांब. उतर. बावीस वर्षांत तिच्यासमोर एकही लवंग करपली नव्हती.

पण पंधरवड्यापूर्वी ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. आता तिला कांदा कळत नव्हता की रॉकेल. हे तिनं देवालासुद्धा सांगितलं नव्हतं. बजाबाईला कळलं असतं, तर परवा त्या पाटावर बजाबाईच बसली असती, आणि तीही ऐसपैस.

सोनमनं कढईत चक्रीफूल टाकलं आणि ती परत मोबाइलात बघू लागली.

"सांग की मायाक्का," बजाबाई म्हणाली, "कसा हाय चायनीजचा वास?"

मायाक्कानं लांब श्वास ओढला. काहीच नाही. पण चक्रीफूल पडल्याचा आवाज ऐकून बराच वेळ झाला होता.

"उतर गं बाई, उतर! करपलं की!"

बजाबाईनं वाकून कढईखाली बघितलं. "अगं, गॅस तर पेटवलाच न्हाय!"

मायाक्कानं मान वाकडी करून कढईखाली बघितलं. असं कधी झालं नव्हतं.

"मावशी, आत्या अशीच परीक्षा घेतात," सोनम मागं न बघता म्हणाली. "आपलं ध्यान कढईकडं हाय का न्हाय ते बघतात. काल मी फसले."

"लई बेरकी बाई गं तू!" बजाबाई ओशाळून हसली. "परवा मी डोळं उघडं ठिवूनच बसते." आणि ती गेली.

फाटक वाजेपर्यंत मायाक्का हलली नाही.

"परवा मी तुमच्या शेजारी बसते," सोनम हळू आवाजात म्हणाली. "वास मी घेते. वरडायचं तुमी."

"कदीपासनं ठावं हाय तुला?"

सोनमनं गॅस पेटवला.

"सहा वर्षांत पयल्यांदा माझ्या आमटीला चांगली म्हणालात की, त्याच दिशी."